घाबरायचंय? मग नीट घाबरा!

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत हा संवाद हमखास होतो. कोणीतरी वीकेंडला एखादा भुताचा पिक्चर बघितलेला असतो. "कसा होता?" "छ्या, काही नाही रे. एकदा पण घाबरलो नाही." हे सांगताना चेहऱ्यावर असा विजयी भाव, की जणू दिग्दर्शकाबरोबर कुस्ती होती आणि ती यानेच मारली.

मग मी आगाऊपणे विचारतो, "बघितलास कसा?" तर थोडा शुक्रवारी रात्री जेवताना, थोडा शनिवारी मेट्रोत, आणि उरलेला रविवारी दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना. मोबाईलवर. एकाच कानात इयरफोन, कारण दुसरा कान दाराच्या बेलकडे (पिझ्झा यायचा होता). मधे एकदा जरा जास्तच अंधार झाला तेव्हा दहा-दहा सेकंद पुढे ढकलला. आणि हो, सुरू करण्याआधी विकिपीडियावर शेवट वाचून घेतला. उगाच टेन्शन कशाला?

आता मला सांगा, यात त्या बिचाऱ्या भुताने करायचं तरी काय?

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: भीतीदायक पिक्चर घाबरवत नाही ही तक्रार करण्याआधी आपण घाबरायला बसलो होतो का, हे तपासावं. घाबरणं हे अर्धं काम प्रेक्षकाचं असतं. आणि ते काम करायची सवय आपली झपाट्याने चालली आहे. ही सवय जाण्यात फक्त करमणुकीचं नुकसान नाही, असं मला वाटतं. ते का, ते खाली येईलच. (पटलं नाही तर सोडून द्या, रविवार आहे, भांडायला कुणाला वेळ आहे!)

आधी आमच्या धंद्याबद्दल. सॉफ्टवेअरवाल्याच्या आयुष्यात "कळत नाही" हा शब्द शिवीसारखा असतो. रात्री तीनला काही पडलं, तर लॉग बघा, डॅशबोर्ड बघा, अलर्ट का आला नाही त्याची मीटिंग लावा. जे दिसत नाही ते दिसायला लागेल अशी व्यवस्था करणं, यासाठीच आपल्याला पगार मिळतो. हीच सवय घरी पण येते. कॅब किती मिनिटांवर आहे ते नकाशावर दिसतं. जेवण आणणारा मुलगा कुठल्या सिग्नलला थांबलाय ते दिसतं. समोरच्याने मेसेज वाचला की नाही ते दिसतं. दिवसभरात अशी पाच मिनिटं पण नसतात जेव्हा पुढे काय होणार हे आपल्याला माहीत नाही आणि ते माहीत करून घ्यायचा काही उपायही नाही.

भुताचा पिक्चर नेमकी तीच पाच मिनिटं विकतो. किंवा दोन तास म्हणा. त्या दारामागे काय आहे ते तुला कळणार नाही, आम्ही दाखवू तेव्हाच कळेल, तोवर गप बस. हा करार आहे. आणि पॉज, फॉरवर्ड, विकिपीडिया ही या करारातून बाहेर पडायची तीन दारं आहेत.

हिचकॉकला हे पक्कं ठाऊक होतं. १९६० साली 'सायको' आला तेव्हा अमेरिकेत लोक पिक्चरला कधीही जाऊन बसत. मधेच शिरायचं, शेवट बघायचा, मग पुढच्या खेळाची सुरुवात बघून निघायचं. हिचकॉकने थिएटरवाल्यांना नियम घालून दिला, की खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही. बाहेर त्याच्या फोटोसकट पाट्या लागल्या. शेवट कोणाला सांगू नका अशी विनंती पण केली गेली. त्याचं कारण सरळ होतं. ज्या बाईला आपण नायिका समजून बसलो आहोत ती पिक्चर अर्धा व्हायच्या आत बाथरूममध्ये मरते. (साठ वर्षं उलटून गेली आहेत, स्पॉयलर म्हणून ओरडू नका.) उशिरा आलेला माणूस ती कधी येणार म्हणून वाट बघत बसला असता. थोडक्यात, त्या पिक्चरची निम्मी भीती पडद्यावर होती आणि निम्मी दाराशी उभ्या असलेल्या डोअरकीपरच्या हातात होती. :)

दुसरं उदाहरण 'जॉज'चं, १९७५ सालचं. स्पीलबर्गने यांत्रिक शार्क बनवून घेतला होता आणि तो समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर मुख्य मॉड्यूलच प्रॉडक्शनमध्ये चालेना. मग शार्क न दाखवता शार्क दाखवायचा मार्ग शोधावा लागला. पाण्याखालून वर बघणारा कॅमेरा, ओढले जाणारे पिवळे पिंप, आणि जॉन विल्यम्सचं ते दोन सुरांचं संगीत. पिक्चरचा मोठा भाग शार्क नीट दिसतच नाही, आणि म्हणूनच पाण्याची भीती वाटते. १९९९ च्या 'ब्लेअर विच प्रोजेक्ट'ने तर यावर कळस केला. त्यातली चेटकीण शेवटपर्यंत दिसत नाही. तीन पोरं, जंगल, हलता कॅमेरा, आणि रात्री तंबूबाहेर येणारे आवाज. बस.

आता हेच दोन पिक्चर कमी आवाजात, उजेडात, हाताएवढ्या स्क्रीनवर बघा. काय उरतं? काही लोक पोहतायत, काही लोक जंगलात भांडतायत. जे दाखवलेलंच नाही ते आपल्या डोक्यात तयार व्हायला अंधार लागतो, आवाज लागतो, आणि मुख्य म्हणजे सलग वेळ लागतो. डोकं काही दहा सेकंदात भूत बनवत नाही.

इथे कोणीतरी नक्की म्हणेल, की पूर्वीचे पिक्चरच भारी होते, आता तसे बनत नाहीत. मला हे अजिबात मान्य नाही. आमच्या पिढीचं घाबरण्याचं शिक्षण कोणाकडे झालं? रामसे बंधूंकडे! १९७२ मध्ये 'दो गज ज़मीन के नीचे' पासून यांनी दुकान थाटलं. पुढे 'पुराना मंदिर' (१९८४), 'वीराना' (१९८८), आणि १९९३ पासून टीव्हीवर 'झी हॉरर शो'. यातले मुखवटे मुखवटेच वाटायचे. धूर कुठून सोडलाय ते कळायचं. मधेच गाणं यायचं, मधेच एक विनोदी नोकर यायचा. 'पुराना मंदिर'मधला तो सामरी राक्षस आठवतो? ते काम करणारा नट रूरकीहून सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेला होता. इंजिनिअरांच्या करिअरचे पर्याय बघून घ्या. :)

तरीसुद्धा आम्ही घाबरायचो. का? कारण घरात एक टीव्ही, आठवड्यातून एक रात्र, आणि चुकलं तर चुकलं. १९९५ ला सोनीवर 'आहट' सुरू झाली तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये ज्यांच्याकडे केबल होती त्यांच्या हॉलमध्ये आठ-दहा पोरं सतरंजीवर दाटीवाटीने बसायची. दिवा घालवायचा हे ठरलेलं. कोणाच्या तरी ताईचा हात धरून ठेवायचा हे पण ठरलेलं. पॉज नव्हता. नंतर जिना उतरून आपल्या घरी जायचं, आणि दुसऱ्या मजल्यावरचा दिवा नेहमी गेलेला. मालिका संपल्यावरची ती वीस पायऱ्यांची भीती मालिकेपेक्षा मोठी होती. ती कोणी लिहिली होती? आम्हीच.

म्हणजे वस्तू सुमार असून आम्ही तिचं सोनं करायचो. आता वस्तू पुष्कळ वेळा उत्तम असते आणि आपण तिची माती करतो.

उत्तम वस्तूचं उदाहरण हवंय? 'तुंबाड' घ्या. राही अनिल बर्वे यांचा हा पिक्चर ऑक्टोबर २०१८ मध्ये आला. मुळात नारायण धारपांच्या गोष्टीवरून सुचलेला, आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'ची आठवण करून देणारं. म्हणजे मराठी माणसाचा यावर दुप्पट हक्क. थिएटरात तेव्हा जेमतेम चालला. मग ओटीटीवर आला, लोकांनी घरी बघितला, वाखाणला. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरात लागला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. जरा विचार करा. यातल्या कितीतरी लोकांना गोष्ट माहीत होती, हस्तर कसा दिसतो ते माहीत होतं, शेवट माहीत होता. तरी तिकीट काढून, पार्किंग शोधून, पॉपकॉर्नचे ते अचाट पैसे देऊन लोक गेले. कशासाठी? तो न थांबणारा पाऊस आणि तो लाल गर्भ मोठ्या अंधारात बघण्यासाठी. जिथून दहा सेकंद पुढे जाता येत नाही अशा ठिकाणी बसण्यासाठी. मला तर हा माझ्या म्हणण्याचा सगळ्यात मोठा पुरावा वाटतो. आपल्याला हे हवं असतं. घरी ते आपण स्वतःला देत नाही, इतकंच.

आता आक्षेप. पहिला आक्षेप घरातूनच येतो: "आठवडाभर ऑफिसचं टेन्शन कमी आहे का, की सुट्टीत विकत घ्यायचं?" प्रश्न रास्त आहे. पण ऑफिसचं टेन्शन आणि हे टेन्शन यात एक फरक आहे. ऑफिसच्या टेन्शनला शेवटची पाटी नसते. इथे दोन तासांनी दिवे लागतात. डेन्मार्कमध्ये आर्हुस विद्यापीठातले काही संशोधक याच विषयाचा अभ्यास करतात, माणसं मजेसाठी का घाबरतात याचा. त्यांनी एका भुताच्या घरात (जत्रेतलं असतं तसं, पण बरंच मोठं) येणाऱ्या लोकांचे हृदयाचे ठोके मोजले. २०२० मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात दिसलं, की मजा आणि भीती यांचं नातं उलट्या यू अक्षरासारखं आहे. भीती फार कमी तर मजा नाही, फार जास्त तर मजा नाही, मधे कुठेतरी गोड जागा असते. आमटीत मीठ असतं तसं.

त्याच मंडळींचा आणखी एक अभ्यास माझ्या जरा विरोधात जातो, तोही सांगितला पाहिजे. भुताच्या घरात जाणारे काही लोक भीती वाढवायचा प्रयत्न करतात, तर काही ती कमी करायचा. डोळे मिटून घेतात, मैत्रिणीचा दंड पकडतात, "हे सगळं खोटं आहे" असं मनाशी म्हणतात. आणि बाहेर आल्यावर दोन्ही गट सारखेच खूश असतात! म्हणजे डोळ्यांवर बोटं ठेवून फटीतून बघणाऱ्यांना नावं ठेवायचं कारण नाही. मान्य. पण एक गोष्ट लक्षात घ्या. डोळे मिटणारा माणूस त्या घरातच असतो. तो बाहेर जाऊन कपड्यांच्या घड्या घालत नाही. बोटांच्या फटीतून बघणं हे घाबरण्याचंच एक रूप आहे. शेवट वाचून ठेवणं म्हणजे मात्र तिकीट काढून दाराबाहेरच थांबणं.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा खास, आणि तो मी गंभीरपणे घेतो: "या असल्या गोष्टींनी अंधश्रद्धा वाढते." महाराष्ट्रात २०१३ साली डॉ. दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेव्हा हा विषय चेष्टेचा नाही. पण भीतीचा खरा धंदा करणारे बाबा आणि भीतीचा पिक्चर काढणारा दिग्दर्शक, यांच्यात फरक करायला हवा. बाबा म्हणतो, हे खरं आहे, आणि याच्यावर उपाय फक्त माझ्याकडे आहे. दिग्दर्शक म्हणतो, हे खोटं आहे, तिकीट दोनशे रुपये, नंतर घरी जा. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचून कोणी गंडा बांधायला गेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. उलट चांगली भयकथा बऱ्याचदा भुतापासून सुरू होते आणि माणसापाशी येऊन थांबते. 'तुंबाड'मध्ये हस्तरपेक्षा भयानक काय आहे, तर बाप आपली हाव पोटच्या पोराला शिकवतो ते. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (२०१७) घ्या. उसाच्या मळ्यातलं घर, एक गरोदर बाई, मळ्यात हरवणाऱ्या वाटा. भुतं आहेतच. पण अंगावर काटा येतो तो मुलगी नको म्हणणाऱ्या घरच्या माणसांमुळे. पुढे त्याचा हिंदीत 'छोरी' (२०२१) पण झाला. हाच विषय भाषण म्हणून दिला असता तर आपण माना डोलावून विसरलो असतो.

भीतीदायक सोडून नुसत्या विचित्र पिक्चरांची गोष्ट तर आणखी बिकट. डेव्हिड लिंच २०२५ च्या जानेवारीत गेला. त्याचा 'मलहॉलंड ड्राइव्ह' (२००१) डीव्हीडीवर आला तेव्हा त्याने त्यात चॅप्टर ठेवूच दिले नाहीत. उड्या मारायच्या नाहीत, सुरुवातीपासून बघा. 'इरेझरहेड'मधलं ते बाळ कसं बनवलं हे त्याने मरेपर्यंत सांगितलं नाही. आता गंमत बघा. असा पिक्चर संपल्या-संपल्या आपला हात कुठे जातो? "शेवटाचा अर्थ समजून घ्या, बारा मिनिटांत" असल्या व्हिडिओकडे. डोक्यात जे रात्रभर घोळायला हवं होतं त्याचं तिकीट आपण बारा मिनिटांत बंद करून टाकतो. रिझॉल्व्ड, क्लोज्ड.

आणि आता ते वर म्हटलं होतं, फक्त करमणुकीचं नुकसान नाही, ते.

गेल्या वर्षी घरातल्या एका माणसाचा बायोप्सीचा रिपोर्ट यायचा होता. चार दिवस लागतील असं सांगितलं होतं. त्या चार दिवसांत मी लॅबचं पोर्टल किती वेळा उघडलं असेल याची गणती नाही. फोनवर, ऑफिसच्या लॅपटॉपवर, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून. पान तेच, उत्तर तेच: प्रक्रिया सुरू आहे. तिथे कुठलाही नकाशा नव्हता ज्यावर रिपोर्ट कुठल्या सिग्नलला थांबलाय ते दिसेल. दहा सेकंद पुढे जायचं बटण नव्हतं. (रिपोर्ट चांगला आला, काळजी नसावी.) तिसऱ्या रात्री आम्ही दोघं दिवा न लावता नुसते बसलो, फार न बोलता, आणि माझ्या लक्षात आलं, की ही छातीतली धडधड ओळखीची आहे. हे अगदी असं, काहीही न करता, शेजारच्याचा हात धरून अंधारात बसणं मी आधी केलेलं आहे. सतरंजीवर.

भुताचे पिक्चर बघून माणूस शूर होतो असा माझा दावा नाही. २०२१ मध्ये एक अभ्यास छापून आला होता, की कोविडच्या सुरुवातीच्या महिन्यांत भयपटांचे शौकीन मानसिकदृष्ट्या जरा कमी ढासळले. पण त्यावरून कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे सांगता येत नाही. कदाचित मुळात घट्ट मनाची माणसंच असले पिक्चर बघत असतील. माझा दावा लहान आहे. न कळणाऱ्या गोष्टीसमोर शांत बसणं ही एक सवय आहे, आणि सुरक्षित जागी तिची उजळणी करून देणारी ठिकाणं फार थोडी उरली आहेत. त्यातलं एक आपण स्वतःच्या हाताने, रिमोटने, बंद करतोय.

एक मात्र नक्की. हे सगळं स्वखुशीने असेल तरच. लहान पोरांना जबरदस्तीने बसवणं, नको म्हणणाऱ्या मैत्रिणीला "काही होत नाही गं" म्हणून फसवून नेणं, हा निव्वळ त्रास आहे. ज्याला नको त्याला नको. त्याने खुशाल 'अशी ही बनवाबनवी' पाहावा. ज्याची भीती खरोखरच्या आयुष्यात भरून वाहते आहे त्याला आणखी विकत घ्यायला सांगणारे आपण कोण?

बाकीच्यांसाठी माझी आचारसंहिता अशी:

एक, पिक्चर रात्री लावा, आणि दिवे घालवा. सगळे.

दोन, फोन दुसऱ्या खोलीत. सायलेंटवर नाही, दुसऱ्या खोलीत.

तीन, आवाज नेहमीपेक्षा दोन काड्या जास्त. शेजारी कुरकुर करतील, तर त्यांनाही बोलवा.

चार, आधी काही वाचू नका. नाव पुरे.

पाच, एकटं बघू नका. निदान एक माणूस असा हवा ज्याचा हात धरला तर तो दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगणार नाही.

सहा, संपल्यावर लगेच अर्थ शोधायला बसू नका. सकाळपर्यंत राहू दे डोक्यात.

सुरुवात कशाने करायची विचाराल तर रामगोपाल वर्मांचा 'भूत' (२००३) सुचवेन. हवेली नाही, धुकं नाही, एकही गाणं नाही. मुंबईतल्या उंच बिल्डिंगमधला एक फ्लॅट, लिफ्ट आणि वॉचमन. म्हणजे तुम्ही-आम्ही ज्यात राहतो आणि ज्याचे हप्ते भरतो तेच.

आणि बघून झाल्यावर कोणालातरी खाली कचरा टाकायला पाठवा. लिफ्टने.